दर श्रावणात त्याच जागी सुटणारं व्हीनियर: डिंकाचा डबा उघडण्याआधी काय तपासावं

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमच्या घरातलं दुखणं हेच की दुसरं, ते चटकन कळेल.

कपाटाच्या दारावर व्हीनियरला, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, फोड आलाय. बोटानं दाबला की बसतो, बोट काढलं की पुन्हा वर येतो. नाण्यानं वाजवलं तर भोवती भरीव आवाज आणि फोडावर पोकळ. किंवा दाराच्या खालच्या कडेची पट्टी सुटलीय आणि मागे नख शिरतं. किंवा ओट्याखालच्या कपाटाचा तळ कडेला जाड झालाय. १८ मिलिमीटरचा बोर्ड २२-२३ झालाय आणि कोपऱ्यातून भुसा सांडतो. किंवा खुद्द प्लायचेच थर वहीच्या पानांसारखे उकललेत आणि मधे पांढुरका पापुद्रा दिसतो, काचेसारखा कडक, पण चिमटीत धरला की चुरा. काही घरांत कपाट उघडताच डोळे चुरचुरतात, पावसाळ्यात जरा जास्तच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण: ही जागा आधी एकदा, बहुधा दोनदा, दुरुस्त झालेली आहे. दिवाळीच्या सुमारास चिकटवली, उन्हाळाभर टिकली, श्रावण लागला आणि त्याच जागी तेवढाच फोड.

मी बावीस वर्षं इंदुरात व्हीनियरचे पॅनल आणि फ्लश डोअर (सपाट दारं) दाबण्याचं काम करतोय. छोटा हॉट प्रेस, म्हणजे गरम करून दाबणारं यंत्र, आहे, दोन कारीगर आहेत. दरवर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा सगळ्या बाजूंनी एकच फोन येतो: "भाऊ, गौरी यायच्या आत तेवढं दार नीट करून द्या." या फोनला मी आता काय उत्तर देतो आणि का देतो, तेच इथे लिहितोय.

इस्त्रीनं का चिकटत नाही

बहुतेक लोक पहिला उपाय करतात तो इस्त्रीचा. फोडावर ओलसर फडकं, वर गरम इस्त्री, मग वजन. कुणाच्या तरी आजीच्या वेळेला तो चालला होता, म्हणून सगळे करतात. आजीच्या वेळेला चालला कारण तेव्हा सरस होता. सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा. उष्णता आणि ओल मिळाली की मऊ होतो, गार झाला की पुन्हा धरतो. सुतार हातानं लावतात तो पांढरा डिंकही, ज्याला सगळे सरसकट फेव्हिकॉल म्हणतात, उष्णतेनं मऊ पडतो.

कारखान्यात दाबलेल्या प्लायमध्ये, पार्टिकल बोर्डात (लाकडाच्या चुऱ्याचा), एमडीएफमध्ये (लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड) आणि प्रेसवर चढवलेल्या व्हीनियरखाली बहुतेक वेळा वेगळाच पदार्थ असतो: युरिया फॉर्माल्डिहाइड रेझिन. हे उष्मादृढ आहे. पातळ असतं तेव्हा त्याचे रेणू सुटे असतात. आम्ल आणि उष्णता मिळाली की ते एकमेकांना सगळ्या बाजूंनी बांधले जातात आणि एक अखंड जाळं तयार होतं. मातीचं मडकं भट्टीत भाजल्यासारखं आहे हे. भाजलेल्या मडक्यावर कितीही पाणी ओता, कितीही तापवा, त्याचा पुन्हा चिखल होऊन नवा आकार घेता येत नाही. एकदा पक्कं झालेलं युरिया रेझिन वितळत नाही. जास्तच तापवलं तर ते मोडतं, पण पुन्हा चिकट होत नाही. इस्त्रीनं फोड दोन दिवस बसतो तो लाकूड वाफेनं मऊ झालं म्हणून, डिंकानं धरलं म्हणून नव्हे.

वितळत नसलं तरी ओलीनं हे रेझिन कमजोर होतं, आणि खरी गोम इथेच आहे. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यातला बंध पाण्यानं हळूहळू उलटा सुटू शकतो. उष्णता आणि आम्ल सोबतीला असेल तर वेगानं. फिनॉल रेझिनमधले बंध कार्बनला कार्बन जोडणारे असतात, ते असे सुटत नाहीत, म्हणून मरीन प्लायमध्ये, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये, फिनॉल वापरतात. युरिया स्वस्त, रंगहीन आणि पटकन पक्कं होणारं आहे, म्हणून घरातल्या बहुतेक फर्निचरमध्ये ते असतं. कोरड्या जागी ते वर्षानुवर्षं उत्तम टिकतं. ज्या घरात ओल नाही तिथे मी वीस वर्षांपूर्वी दाबलेली दारं आजही खणखणीत आहेत. त्यामुळे तोच फोड दरवर्षी येत असेल तर मी आधी पाणी शोधतो, डिंकाचा विचार नंतर.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली गोष्ट, फोडाच्या कडेनं पेन्सिलनं हलकी रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. तीन-तीन दिवसांनी पुन्हा नाण्यानं वाजवा आणि पोकळ भाग जिथवर पसरला असेल तिथे नवी रेघ ओढा. दोन आठवड्यांत तुमच्या हातात नकाशा येतो. रेघा एकाच दिशेनं सरकत असतील तर पाणी त्या विरुद्ध बाजूनं येतंय. रेघ हललीच नाही तर पाणी आता येत नाही, जुनंच नुकसान आहे, आणि दुरुस्ती टिकण्याची आशा बरीच जास्त आहे. ही एक पेन्सिल मला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त सांगते.

मग स्क्रू ड्रायव्हरनं पोकळ जागी, दिसणार नाही अशा बाजूनं, हलकंच टोचा. टोक सहज आत गेलं किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर ती बहुधा वाळवी आहे. वाळवीनं खाल्लेलं लाकूडही पोकळच वाजतं. तसं असेल तर इथेच थांबा आणि वाळवीचा इलाज करणाऱ्याला बोलवा. त्यावर डिंक लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता दाराच्या खालच्या कडेखाली हातातला आरसा धरा आणि टॉर्च मारून बघा. तिथे पॉलिश किंवा रंग आहे का? दहातल्या सात-आठ घरांत मला तिथे कोरं लाकूड दिसतं. दार बसवल्यावर रंगारी येतो, समोरची, मागची आणि उभ्या कडा रंगवतो. खालची आणि वरची कड तशीच राहते. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकातून, नळ्यांच्या तोंडातून प्यावं तसं. रोज फरशी पुसताना ओला फडका त्या कडेला लागतो आणि फोड नेमका खालून टीचभर वर येतो. दार बिजागरीतून काढून ते कोरडं झाल्यावर खालच्या-वरच्या कडेला दोन हात पॉलिश, एवढ्यावर कितीतरी घरांतली वर्षानुवर्षांची कटकट थांबलेली मी पाहिली आहे.

पुढे पाणी. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला (बाटलीसारख्या सांध्याला) कोरडा टिशू गुंडाळून रात्रभर ठेवा; गळती कितीही बारीक असली तरी सकाळी कागद सांगतो. इंदूरकरांसाठी एक खास खूण आहे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड. पेन्सिलीच्या रेघा नळाच्या दिवसानंतरच पुढे सरकत असतील, तर भिंतीतल्या थेट नळाच्या लाइनमध्ये गळती आहे, कारण त्या लाइनमध्ये दाब फक्त त्याच दिवशी असतो. टाकीतून येणाऱ्या लाइनमध्ये गळती असेल तर रोजच सरकेल.

कपाट भिंतीला लागून असेल तर फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर उतरतोय. दोन्हींचे इलाज पूर्ण वेगळे आहेत: पहिल्याला प्लंबर किंवा गवंडी लागतो, दुसऱ्याला कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढणंसुद्धा पुरतं.

आणि वाफ विसरू नका. टिळक नगरच्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात गॅसवरच्या कपाटाचा तळ मी लागोपाठ तीन वर्षं चिकटवला. दर वेळी मीच गेलो, मीच डिंक बदलला, काकू दर वेळी चहा पाजायच्या आणि दर वेळी मला मनातून वाईट वाटायचं. चौथ्या वर्षी मी सकाळी साडेदहाला गेलो, कुकर लागलेला होता आणि शिटीची वाफ सरळ त्या तळावर जात होती. रोज दोनदा, गरम आणि ओलं एकत्र. युरिया रेझिन मोडायला याहून अनुकूल परिस्थिती नाही. तळाला अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला, कुकर बाजूच्या बर्नरवर गेला. ते कपाट अजून तसंच आहे. माझी तीन वर्षं वाया गेली, कारण मी फोड पाहायला नेहमी दुपारी जात होतो.

उन्हाळ्यातला कूलरही यातच मोजा. त्याचा झोत थेट व्हीनियरच्या दारावर येत असेल तर त्या दाराला मे महिन्यातच श्रावण लागतो.

डिंक कोणता, ते ओळखणं

पाणी कुठून येतं ते कळलं, आता सुटलेल्या जागेतून डिंकाचा एक कण काढा. नखानं दाबून बघा. रबरासारखा लवचीक आणि अर्धपारदर्शक असेल तर पांढरा डिंक. मधासारखा पिवळा-तपकिरी असून कोमट पाण्यात ठेवल्यावर बुळबुळीत झाला तर सरस. गडद लालसर-तपकिरी, जवळजवळ काळा, तर फिनॉल. पांढुरका किंवा रंगहीन, कडक, कटकन मोडणारा, तर युरिया किंवा मेलामाइन मिसळलेलं युरिया. रंगावर पूर्ण भरवसा मात्र टाकू नका. मेलामाइनचा डिंक पाण्याला युरियाहून बराच चांगला तोंड देतो, पण दिसतो सारखाच.

न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कपडा ठेवून कोमट इस्त्री दोन मिनिटं धरा. फोड चिकटून बसला आणि आठवडाभर बसलेलाच राहिला तर तो पांढरा डिंक किंवा सरस. तुमचं काम तिथेच झालं, पुढचं वाचायची गरज नाही. जुन्या सरसाच्या वस्तूला, आजोबांच्या टेबलाला किंवा पणजीच्या पेटीला, कृपा करून युरिया किंवा एपॉक्सी लावू नका. सरस पुन्हा उघडता येतो, म्हणून ती वस्तू शंभर वर्षांनीही दुरुस्त होते. उष्मादृढ डिंक लावलात की पुढच्या माणसाचा रस्ता बंद.

युरियाला कमी लेखू नये, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान लाकूड आणि प्लायचं होतं. सुरुवातीच्या विमानांत दुधापासून केलेला केसिन डिंक होता. तो दमट हवेत टिकेना, तेव्हा त्याच्या जागी युरिया फॉर्माल्डिहाइड आलं. त्या काळाच्या मानानं हे पाण्याला जास्त सोसणारं रेझिन होतं. आज आपण त्याच्याकडून मोरीच्या दारात टिकण्याची अपेक्षा करतो, ती चूक आपली.

सुटलेला पृष्ठभाग वाचणं

ही तपासणी फुकट आहे, पण डोळा तयार व्हायला वेळ लागतो. फोडाचा एखादा तुकडा निघाला असेल तर टाकू नका. दोन्ही बाजू उन्हात तिरप्या धरून बघा.

दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर डिंक चांगला होता. लाकूड फाटलं, डिंक नाही. मग कारण बाहेरचं आहे: पाण्यानं लाकूड इतकं फुगलं की त्याचं त्यालाच सोसवलं नाही. आकड्यांत सांगतो. हवेतली आर्द्रता ३० टक्के असते तेव्हा लाकडात साधारण ६ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की १७-१८ टक्के. इंदुरात मे ते ऑगस्ट एवढा फरक पडतोच. सागवान हे कमी हलणारं लाकूड समजतात, तरी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं. म्हणजे मोकळी फूटभर रुंद फळी मे ते ऑगस्ट पूर्ण ओल प्यायली तर पाच-सहा मिलिमीटर रुंदावू शकते. व्हीनियर प्लायला चिकटलेलं असतं, त्याला मोकळं हलता येत नाही. तेवढा सगळा ताण डिंकाच्या थरावर येतो. पांढरा डिंक थोडा ताणला जातो. युरिया ताणलं जात नाही, तडकतं.

एका बाजूला चकचकीत डिंक आणि दुसरी बाजू कोरी, स्वच्छ लाकूड असेल तर दोघांची गाठच पडलेली नाही. डिंक पसरल्यावर दाब देईपर्यंत तो गोठला, किंवा लाकडावर तेल-धूळ होती. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ताजं घासून पुसावं लागतं. गोठण्याचा धडा मला २०१४ च्या मे महिन्यात मिळाला. चौदा दारांना डिंक लावला आणि लाईट गेली. चाळीस मिनिटांनी आली. डिंक बोटाला लागत होता, म्हणून मी प्रेस लावला. दारं दिसायला सुरेख झाली. ऑगस्टमध्ये चौदाच्या चौदा परत आली आणि प्रत्येकात हाच पृष्ठभाग: इकडे चकचकीत, तिकडे कोरं. दहा अंश तापमान वाढलं की डिंक पक्का होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. जानेवारीत २० अंशाला तासभर मोकळा राहणारा डिंक मेमध्ये ४० अंशाच्या पत्र्याखाली पंधरा मिनिटांत हातचा जातो. तेव्हापासून डिंक लावल्याची वेळ खडूनं दारावरच लिहितो, आणि वेळ टळली तर डिंक खरवडून काढतो, कितीही जीव तुटला तरी.

दोन्ही बाजूंना डिंक आहे पण खडूसारखा भुरभुरीत? मग दोन शक्यता. नवं फर्निचर पहिल्याच पावसाळ्यात असं झालं असेल तर डिंक पुरता पक्का झालाच नव्हता: रेझिन जुनं, थंडीत काम, नाहीतर हार्डनर कमी. दहा-बारा वर्षं टिकून मग गरम-ओल्या जागी झालं असेल तर पाण्यानं बंध मोडले.

हार्डनरबद्दल इथेच सांगतो, कारण बरेच कारीगर यात घोटाळा करतात. हार्डनर म्हणजे बहुधा आपला नवसागर, अमोनियम क्लोराइड. रेझिनमधल्या मोकळ्या फॉर्माल्डिहाइडशी त्याची क्रिया होते, त्यातून आम्ल सुटतं आणि ते आम्ल रेझिनला पक्कं करतं. आताच्या कमी वासाच्या रेझिनमध्ये मोकळं फॉर्माल्डिहाइड कमी असतं, म्हणून ती जरा सावकाश पक्की होतात. कारीगराला वाटतं हार्डनर कमी पडला, तो मूठभर जास्त टाकतो. डिंक लवकर घट्ट होतो खरा, पण ठिसूळ होतो आणि उरलेलं आम्ल थरातच राहतं. पुढे ओल आली की तेच आम्ल बंध मोडायला मदत करतं. डब्यावर लिहिलंय तेवढंच, तेही काट्यावर तोलून. अंदाजानं नाही.

चौथा प्रकार, थर जाड, काचेसारखा आणि त्यात जाळीदार तडे. म्हणजे दोन फळ्यांमधली फट डिंकानं भरायला गेलेत. साधं युरिया पाणी सोडताना आकसतं. कागदाएवढ्या पातळ थरात ते चालून जातं, जाड थरात तडकतं. फट असेल तर लाकूड रंधून जुळवावं लागतं, किंवा फट भरणारा डिंक वेगळा घ्यावा लागतो.

प्रेस उघडल्याबरोबर आलेले फोड या सगळ्यांत मोडत नाहीत. ती आत कोंडलेली वाफ. व्हीनियर ओलं होतं किंवा दाब एकदम सोडला.

थोडा खर्च

दोन सुयांचं मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल टक्क्यांत मोजणारं) घ्या किंवा सुताराकडून मागून आणा. फोडाजवळ, फुटभर लांब आणि घरातल्या दुसऱ्या चांगल्या दारावर अशा तीन जागी मोजा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. पूर्ण घरात १५ असेल तर ऋतूची ओल. फोडाजवळ २२ आणि बाकी १२ असेल तर पाणी तिथेच कुठेतरी येतंय आणि तुम्हाला अजून सापडलेलं नाही. अशा वेळी मागे फिरून पुन्हा पेन्सिल आणि टिशू.

नवीन प्लाय आणताना दुकानात तोंडी ऐकलेल्या "वॉटरप्रूफ" शब्दावर जाऊ नका, प्लायवरचा शिक्का वाचा. एमआर म्हणजे ओल सोसणारं, पाण्यात राहणारं नव्हे. त्याची प्रमाण चाचणी ६० अंशाच्या पाण्यातली आहे. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय ७२ तास उकळून तपासतात. शंका असेल तर बोटभर तुकडा कापून जुन्या डब्यात, स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे, गच्चीवर उकळा. युरियाचे थर सुटायला लागतात, फिनॉलचे धरून राहतात. वास नाकात जाऊ देऊ नका.

दुरुस्ती, आणि ती केव्हा करू नये

गौरीच्या आधी फोन करणाऱ्या वहिनींना मी आता सांगतो: आत्ता नाही. फोडावर कमी चिकटणारी कागदी टेप लावून ठेवते, असं त्या म्हणाल्या तर बरंच. भाद्रपदात लाकूड पाण्यानं भरलेलं असतं. तेव्हा चिकटवलं तर मार्गशीर्षात ते आकसतं आणि डिंकाला ओढतं. पाण्याची वाट बंद करा, दार उघडं ठेवून पंखा लावा आणि मीटर १२ च्या खाली, जमल्यास १० पर्यंत येऊ द्या. इंदुरात ते दिवाळीनंतर होतं.

तोपर्यंत धीर धरला की काम सोपं आहे. फोडावर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं ब्लेडनं एक चीर, आडवी कधीच नाही. आतला जुना चुरा पातळ पटाशीनं खरवडून काढा, कारण पक्क्या झालेल्या युरियावर नवा डिंक धरत नाही. त्याला ताजं लाकूड हवं. सिरिंजनं डिंक भरा. घरगुती फोडाला पाण्याला सोसणारा पांढरा डिंक पुरतो, ओल्या जागी एपॉक्सी घ्या. युरिया-हार्डनर घरात कालवू नका. तोलमाप, वास आणि आम्ल, तिन्ही त्रास आहेत. जास्तीचा डिंक दाबून बाहेर काढा, वर बटर पेपर, त्यावर सपाट प्लायचा तुकडा आणि शिकंजा. इंदूरच्या सियागंज बाजारात साधे शिकंजे मिळतात, दोन घेऊन ठेवा. २४ तास हात लावू नका. पॉलिश आठ दिवसांनी, सहाही बाजूंना.

फुगलेला पार्टिकल बोर्ड मात्र परत बसत नाही. त्यातल्या लाकडाच्या कणांनी एकमेकांचा हात सोडलेला असतो. त्यावर एक रुपयाही घालू नका, बदलून टाका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाणी स्लॅबमधून किंवा शेजारच्या बाथरूममधून येत असेल तर सुताराचं काम नाही. कपाटामागे स्विच बोर्ड असून भिंत ओली असेल तर मेन बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियन. माळा, जिन्याची पायरी, मुलांचा वरचा पलंग, म्हणजे ज्यावर माणूस किंवा वजन उभं राहतं, त्याच्या प्लायचे थर उकलले असतील तर चिकटवायचा विचारही नको. वरून ठीक दिसलं तरी आत कुठे सुटलंय ते घरी कळत नाही. तो तुकडा जाणकार सुताराकडून बदलून घ्या आणि तोपर्यंत वापर बंद.

डोळे चुरचुरणं, खोकला, बाळाच्या खोलीतल्या नव्या कपाटाचा उग्र वास हेही अंगावर काढू नका. तो फॉर्माल्डिहाइड असतो: काही रेझिनमध्ये मोकळा उरलेला, काही ओलीनं बंध मोडून सुटलेला, म्हणून उकाड्यात आणि दमट हवेत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. खिडक्या उघडा, कापलेल्या उघड्या कडा सील करून घ्या, आणि घरात दम्याचं कुणी असेल किंवा त्रास थांबत नसेल तर कपाट खोलीबाहेर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तसलं फर्निचर घरात घासायलाही बसू नका. ते काम मास्क लावून, मोकळ्यावर करणाऱ्याकडे द्या.

कारीगराला बोलवाल तेव्हा पेन्सिलीच्या तारखा पुसू नका. त्यांचा फोटो, सुटलेला तुकडा आणि नळाचे दिवस एवढं त्याच्यापुढे ठेवा.